वापरलेली बीएमडब्ल्यू एक्स३ घाटात चालवण्याच्या आनंदासाठी घ्यावी का?

मुळशीकर
नमस्कार. रोजच्या कामाला घरात हॅचबॅक आहे. दुसरी गाडी निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी हवी आहे आणि ती वापरलेली लक्झरी एसयूव्ही असावी असं वाटतं. महिन्याला ७००-८०० किमी धावेल. निम्मं पुण्यात, उरलेलं ताम्हिणी, आंबेनळी, कुंभार्ली आणि खाली कोकणात. बजेट सगळं धरून ३५ लाख. बीएमडब्ल्यू एक्स३ची २०१८ ते २०२४ दरम्यान विकली गेलेली पिढी (जी०१) मनात आहे. ऑडी क्यू५, मर्सिडीज जीएलसी आणि व्होल्वो एक्ससी६० हेही पाहतो आहे. पेट्रोल की डिझेल, किती जुनी, पाहायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं, हे जाणकारांनी सांगावं. ‘घेऊ नका’ असं मत असेल तर तेही कारणांसकट लिहा.

टॉर्कपाना
आधी पैशाचं बोलू, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. ही गाडी नवी असताना एक्स-शोरूम साधारण ५० ते ७० लाखांची होती. आज ती निम्म्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत. हेडलाइट, इंजेक्टर, कंट्रोल आर्म यांचे भाव अजूनही ६० लाखांच्या गाडीचेच आहेत.

म्हणून हातात ३५ असतील तर गाडी २८-२९ची बघा. नाव बदलणं, विमा, पहिली पूर्ण सर्व्हिस आणि टायर यांत अडीच लाखांच्या आसपास जातील असं धरा. उरलेले साडेतीन-साडेचार लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि पहिलं वर्ष त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. एवढी शिल्लक राहत नसेल तर माझं मत ‘घेऊ नका’ असंच आहे.

सध्या घासाघीस करायला मात्र जागा आहे. नवी एक्स३ (जी४५) जानेवारी २०२५ मध्ये भारतात आली. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० टक्क्यांवरून (२८ जीएसटी आणि २२ सेस) ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच हवा. विक्रेता आधीच्याच भावाला चिकटून बसला तर त्याच्यापुढे हे आकडे ठेवा.

आंबेनळी
तुम्ही ‘आनंदासाठी’ म्हटलंय, त्यामुळे मी फक्त त्याच बाजूने लिहितो.

एक्ससी६० आणि जीएलसी लांबच्या प्रवासाला फार छान गाड्या आहेत, घरच्यांना त्याच आवडतील. पण एक्ससी६०ची मूळ बांधणी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची आहे, मागच्या चाकांना ताकद गरजेपुरती मिळते. आंबेनळीसारख्या घाटात आखूड वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की तिचं नाक बाहेरच्या बाजूला सरकतं. क्यू५ची पकड उत्तम आहे, पण या पिढीतली क्वाट्रो (ऑडीची चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) गरज नसेल तेव्हा मागचा ॲक्सल सोडवून इंधन वाचवते आणि स्टिअरिंग हाताशी फारसं बोलत नाही.

एक्स३मध्ये इंजिन लांबीला बसवलेलं आहे, वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलेलं आहे आणि ताकद मुळात मागच्या चाकांना जाते, पुढच्यांना लागेल तशी. त्यामुळे वळणात गाडी मागून ढकलल्यासारखी फिरते. या चारांत आनंदासाठी एक्स३च.

तरी एक गोष्ट मोकळेपणी विचारात घ्या. एवढ्याच पैशात बीएमडब्ल्यूचीच ३३०आय (जी२०) सेडान मिळते. २५८ अश्वशक्ती, वजनाला दोनेकशे किलोंनी हलकी आणि जमिनीलगत बसणारी. एक्स३ची पेट्रोल आवृत्ती ३०आय २५२ अश्वशक्तीची आणि सुमारे १.८ टनाची आहे. उंची आणि वजन कितीही चांगल्या सस्पेन्शनने पूर्ण लपत नाही. रस्ता चांगला असेल तर सेडान पुढे, यात मला शंका नाही.

मुळशीकर
३३०आयचा विचार केला होता. पण पावसाळ्यानंतरचे घाट, गुहागर आणि हरिहरेश्वरकडच्या आतल्या वाटा, गावोगावचे बेकायदा गतिरोधक पाहता तिचं पोट घासण्याची धास्ती बाळगत चालवावं लागेल. एक्स३चा ग्राउंड क्लिअरन्स २०४ मिमी आहे. तेव्हा एसयूव्हीच, आणि एक्स३. आता इंजिन?

ग्रीसगन
तुमच्या वापराला ३०आय पेट्रोल. कारण डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या सायलेन्सर लाइनमधली काजळी अडवणारी जाळी.

ही जाळी भरत आली की इंजिन जादा डिझेल फवारून एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी साधारण १५-२० मिनिटं सलग आणि ६०च्या वर चालावी लागते. कोथरूड ते स्वारगेट गाडीला हे कधीच मिळत नाही. प्रक्रिया सुरू होते, तुम्ही गाडी बंद करता, पुन्हा सुरू होते. प्रत्येक अर्धवट प्रयत्नात थोडं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची झळ टर्बोच्या बेअरिंगला व टायमिंग चेनला पोचते. बी४७ डिझेल इंजिनात ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं.

डिझेल पाहायचीच असेल तर या गोष्टी सोडू नका.

स्कॅनर लावून डीपीएफमधली काजळी, राख आणि शेवटचं यशस्वी रिजनरेशन (काजळी जाळण्याची प्रक्रिया) किती किमीपूर्वी झालं ते वाचा. काजळी जळते, राख जळत नाही, ती साचतच जाते. ४० हजार किमीच्या गाडीत राखेचा आकडा मर्यादेजवळ असेल तर मीटर फिरवल्याची शंका घ्या.

ईजीआर कूलरचा (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) रिकॉल चॅसिस नंबरवरून अधिकृत सेंटरकडे तपासून घ्या. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये जगभर डिझेल गाड्या यासाठी परत बोलावल्या होत्या. कूलरमधून गळलेलं कूलंट काजळीत मिसळून आग लागण्याचा धोका होता.

डीपीएफ काढून टाकून सॉफ्टवेअरने फसवलेली गाडी असेल तर किंमत कितीही कमी सांगोत, उठून या. सायलेन्सरच्या टोकाच्या पाइपच्या आतल्या भिंतीवर काळी काजळी बोटाला लागली तर जाळी आत नाही किंवा फुटलेली आहे असं समजा.

कुंभार्ली
ग्रीसगन यांच्याशी थोडा मतभेद. २०डी डिझेलचा ४०० न्यूटन मीटर टॉर्क घाटात खालच्या आरपीएमला मिळतो, पेट्रोलचा ३५०. धागाकर्त्याचं निम्मं धावणं घाटाचं आणि महामार्गाचं आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी पाऊण तासाची सलग धाव होणार. एवढ्याने डीपीएफ नीट राहतो. महिन्याला इंधनाचाही फरक पडेल.

ग्रीसगन
आठवड्याला एक लांब धाव खरोखर होत असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पावसाळ्यात घाट बंद राहतात, कधी दोन-तीन आठवडे गाडी फक्त शहरात फिरते. ८०० किमीला इंधनाचा जो फरक पडतो, तो एका इंजेक्टरच्या कामात संपतो. शिवाय धागा आनंदाचा आहे. बी४८ पेट्रोल वर मोकळेपणी फिरतं, पुढचा भाग हलका राहतो आणि वळणात नाक लवकर वळतं.

पेट्रोलचे कच्चे दुवेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. पहिला कूलंटचा. इंजिनाभोवती प्लॅस्टिकचे जोड आणि नळ्या बऱ्याच आहेत. उष्णतेने त्या ठिसूळ होतात आणि हळूहळू झिरपतात. खाली थेंब दिसत नाही, कारण गरम धातूवर वाळून जातं, मागे पांढरट-हिरवट डाग राहतो. दुसरा ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटचा. तिथून गळणारं ऑइल इंजिनाच्या रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) उडलं तर पट्टा फुगतो. टॉर्चने हे दोन्ही भाग इंजिन थंड असताना बघा.

ऑइल ५.२५ लिटर लागतं. या पेट्रोलमध्ये हाताने बघायची डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर वाचावी लागते. गाडी सपाट जागी, इंजिन गरम. स्क्रीन पुढची सर्व्हिस किती लांब सांगते यावर जाऊ नका. ८ ते १० हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. सर्व्हिस नोंदीत दोन ऑइल बदलांमध्ये दोन वर्षांचं अंतर दिसलं तर तेवढा भाव पाडा.

टॉर्कपाना
इंजिनाइतकंच, किंबहुना जास्त, मला गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसबद्दल लिहायचंय. एक्स३ची मजा बिघडते ती इथे.

गिअरबॉक्स झेडएफचा ८एचपी, आठ गिअरचा. अत्यंत चांगला. कंपनीच्या वेळापत्रकात त्याचं तेल ‘आयुष्यभराचं’ समजलं जातं, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८० हजार ते १.२ लाख किमीच्या दरम्यान ते बदलायला सांगते. झेडएफचं ऐका. खालचं पॅन प्लॅस्टिकचं आहे आणि फिल्टर त्यातच घडवलेला आहे, म्हणून फिल्टरसाठी अख्खं पॅन बदलावं लागतं. झेडएफच्या संचात पॅन, बोल्ट आणि ७ लिटर तेल येतं. तेल भरल्यावर पातळी इंजिन चालू ठेवून आणि सर्व गिअर फिरवून, तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना बघायची. स्कॅनर न लावता अंदाजाने भरणाऱ्याला हे काम देऊ नका. कमी भरलं तर गिअर पडताना झटके, जास्त भरलं तर तेल फेसाळतं.

आता ट्रान्स्फर केस. गिअरबॉक्सच्या मागे बसलेला हा डबा आतल्या क्लचच्या चकत्या दाबून पुढच्या चाकांना ताकद पाठवतो. चारही टायर सारख्या घेराचे आहेत असं तो गृहीत धरतो. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असतील तर पुढचं आणि मागचं चाक सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतं, क्लच सतत घासत राहतो, तेल जळतं आणि चकत्या अडकत अडकत सुटू लागतात. लक्षणं दोन. हलक्या ॲक्सिलरेटरवर, कमी वेगात, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर. आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू पुढे-मागे केल्यावर गाडी अडखळत सरकणं.

सुरुवातीच्या टप्प्यात योग्य प्रतीचं तेल बदलून (एक लिटरच्या आतबाहेर लागतं) आणि झिजेची नोंद सॉफ्टवेअरमधून नव्याने घेऊन काम भागतं. चकत्या गेल्या असतील तर युनिटच काढावं लागतं, आणि तो खर्च लाखांत जातो.

म्हणून गाडीजवळ गेल्यावर बॉनेट नंतर, टायर आधी. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, खाचांच्या खोलीतला फरक २ मिमीच्या आत. साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. बीएमडब्ल्यूसाठी मान्य केलेल्या टायरवर चांदणीची खूण असते.

आंबेनळी
टायरचा विषय निघालाच आहे तर रनफ्लॅटबद्दल. कडक साइडवॉलमुळे पंक्चर झाल्यावरही ८० किमी वेगाच्या आत थोडं अंतर जाता येतं, पण खड्ड्यांवर गाडी आपटते आणि रिमला बाक येतो. गाडी बघताना चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आतली कड डोळ्यांनी पाहा. बाहेरून चकचकीत असलेली रिम आतून वाकलेली सापडते.

आनंदासाठी साधे टायर लावले तर स्टिअरिंगला जिवंतपणा येतो आणि राइड मऊ होते, हे खरं आहे. मात्र सोबत कंप्रेसर, पंक्चरच्या वाती आणि जमल्यास स्पेस-सेव्हर चाक हवंच. ताम्हिणीत साइडवॉलला कट पडून टायर फुटला तर वातीने भागत नाही आणि कित्येक ठिकाणी फोनला रेंज नाही. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे असं मिश्रण कधीही करू नका. १९ इंची रिम (२४५/५०) हा आपल्या रस्त्यांना बरा समतोल. २० इंचीत पुढे २४५/४५ आणि मागे २७५/४० असे वेगळे माप येतात, पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत.

जुईली
कागद आणि विमा यावर लिहिते, कारण सगळं लक्ष इंजिनाकडे जातं.

फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, आणि कर्ज असेल तर फॉर्म ३५ व बँकेची एनओसी. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. परिवहनच्या संकेतस्थळावर ई-चलानं, विम्याची मुदत आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे पाहा. चॅसिस नंबर गाडीवर, आरसीवर आणि स्कॅनरमध्ये असा तीन ठिकाणी जुळला पाहिजे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवलेली आहे ना, हेही बघा.

दिल्लीतल्या डिझेल गाड्या स्वस्त वाटत आल्या, कारण तिथे एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) २०१५च्या आदेशानंतर १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार राहिली. राज्याबाहेरची गाडी आणली तर फॉर्म २८ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीचशी उडते.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागा. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर लागतो. कंपनीने घसारा लावला असेल तर फरक म्हणजे विक्री किंमत वजा पुस्तकी किंमत. हा कर किमतीत धरला आहे की वर लावणार, हे टोकन देण्याआधी लेखी घ्या.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे फरक भरावा लागतो. आपल्याकडच्या पावसात इंजिन प्रोटेक्शन घ्याच. साचलेल्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. टायर आणि रिमचं कव्हर मिळालं तर तेही घ्या. मागच्या क्लेमची माहिती विक्रेत्याकडून विमा कंपनीमार्फत काढून घ्या.

आणि पुराची गाडी. कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा पूर, चिपळूणचा जुलै २०२१चा, शिवाय मुंबईत दरवर्षी साचणारं पाणी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून खालच्या टोकाला गाळाची रेघ बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा, मागच्या बूटची फळी उचलून बॅटरीच्या खोबणीत हात फिरवा. पॅनोरमिक सनरूफ असेल तर त्याच्या पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्यावर पाणी खांबातून कार्पेटखाली उतरतं, आणि वायरिंग तिथेच आहे. कार्पेट वरून कोरडं असतं, खालचा फोम दाबून बघावा लागतो.

ग्रीसगन
चाचणी कशी घ्यायची, थोडक्यात. सकाळी जा आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगा. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत धातूचा खडखडाट ऐका. पेंट मोजायचं यंत्र न्या. ९० ते १५० मायक्रॉन मूळ रंग, २००च्या वर पुन्हा रंगवलेलं, त्याहून बरंच वर गेलं तर खाली पुट्टी. बंपर प्लॅस्टिकचे असल्याने तिथे साधं यंत्र चालत नाही.

मीटरचा आकडा एकट्या डॅशबोर्डवरून पडताळू नका. किमीची नोंद अनेक मॉड्यूलमध्ये आणि चावीतही राहते. स्कॅनरने ते सगळे आकडे शेजारी मांडा, शिवाय अधिकृत सेंटरमधला सर्व्हिस इतिहास मागा.

आंबेनळी
रस्त्याची चाचणी शोरूमभोवती चक्कर मारून होत नाही. पुण्यात असाल तर कोंढव्याकडून बोपदेव घाट चढा आणि उतरा. चढताना हलक्या पायाने ४०च्या आसपास ठेवा, थरथर आली तर ती ट्रान्स्फर केसची. उतरताना मध्यम ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर दोष डिस्कचा किंवा पुढच्या कंट्रोल आर्मच्या तेलभरल्या रबरी बुशांचा. लिफ्टवर त्या बुशाभोवती काळं ओघळलेलं तेल दिसलं की ते गेले. खराब पॅचवर खिडकी उघडी ठेवून, गाणी बंद करून ऐका. ‘टक’ असा एकच आवाज टॉप माउंट किंवा लिंकचा, घरघर बेअरिंगची. बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर नवे, टायर योग्य आणि अलाइनमेंट नीट, एवढं झालं तर ५० हजार किमीची एक्स३ मुठीत पकडल्यासारखी चालते. हे तिन्ही खराब असेल तर २० हजार किमीचीही मजा देत नाही.

मुळशीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एक गाडी नजरेत आहे. २०२१ची ३०आय, ३८ हजार किमी, पुण्याचीच नोंदणी, एकच मालक. सर्व्हिस नोंदी पूर्ण आहेत, ऑइल दरवर्षी बदललंय. पाठवलेल्या फोटोंत दोन गोष्टी खटकल्या. पुढचे दोन टायर नवे आणि वेगळ्या कंपनीचे, मागचे २०२१चे. आणि कूलंट किमान रेषेच्या थोडं खाली. विक्रेता म्हणतो ‘टॉप-अप करून देतो’. सोडून द्यावी का?

टॉर्कपाना
लगेच सोडू नका, पण टॉप-अप करू देऊ नका. भरून टाकलं की पुरावा गेला. दोन्ही गोष्टी आहेत त्या अवस्थेत तपासायच्या आहेत.

क्रम असा ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीला प्रेशर टेस्टर लावा, टोपणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्या आणि २० मिनिटं काटा बघत बसा. काटा उतरला तर गळती आहे. टॉर्चने जोड शोधा. नळी किंवा जोड असेल तर गाडी घेण्यासारखी, खर्च किमतीतून वजा करून घ्या. बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा तरी उतरतोय, तर गळती आत आहे, तेव्हा सोडा. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ थर आहे का, तेही पाहा.

त्यानंतर टायर. पुढच्या-मागच्या खाचा खोलीमापकाने मोजा. फरक २ मिमीहून जास्त असेल तर स्कॅनरमध्ये ट्रान्स्फर केसच्या झिजेची नोंद वाचा आणि बोपदेवला हलक्या पायाची चाचणी घ्या. थरथर नसेल तर तेलबदल आणि चारही नवे टायर यांची पूर्ण रक्कम किमतीतून कमी करून मागा. दोनच टायरचे पैसे देतो म्हणाला तर तयार होऊ नका, कारण बदलावे चारही लागणार आहेत. आणि नवे टायर बसेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका, चाचणीची एक फेरी सोडून.

मुळशीकर
कळलं. शनिवारी सकाळी सातला ठरवलंय. इंजिन सुरू करू नका आणि कूलंटला हात लावू नका, असं विक्रेत्याला कळवलंय. टेस्टर आणि स्कॅनर घेऊन मेकॅनिक सोबत येतोय, टायरचं खोलीमापक मी घेतोय. आकडे इथे टाकतो.